अंगठी, इंटरव्ह्यू आणि मेंदूतली वजाबाकी

माझ्या पुतणीला कॅम्पस इंटरव्ह्यूच्या आधी वहिनीने पोवळ्याची अंगठी करून दिली. मंगळ कमजोर आहे म्हणून पोरीला चारचौघांत बोलायची भीती वाटते, पोवळं घातलं की धीर येईल असं कुणीतरी सांगितलं होतं. इंटरव्ह्यू बरा गेला. सिलेक्शन झालं नाही पण ती बोलली, नेहमीसारखी गप्प बसली नाही, घरात सगळे खूश. पंधरा दिवसांनी दुसरा इंटरव्ह्यू होता आणि त्या दिवशी अंगठी नेमकी बाथरूममध्ये राहिली, हे तिला रिक्षात बसल्यावर कळलं. पहिल्याच प्रश्नाला अडकली, तोंड कोरडं, हात गार. बाहेर येऊन मला फोन केला आणि रडतच म्हणाली, "काका, अंगठी नव्हती ना."

घरच्यांसाठी तर हा पुरावाच झाला. अंगठी होती तेव्हा जमलं, नव्हती तेव्हा नाही जमलं. आणि खरं सांगतो, तिचा अनुभव खोटा नव्हताच, अंगठीने फरक पडला होता. पण तो मंगळामुळे नाही, आणि तो फायद्याचाही नव्हता. या गोष्टीचं उत्तर एका साध्या वजाबाकीत आहे आणि ती वजाबाकी मला इतकी आवडते की आज तिच्याबद्दलच लिहायचंय.

आधी आत्मविश्वासाबद्दल थोडं. आपण असं धरून चालतो की आत्मविश्वास ही आत भरायची गोष्ट आहे, आधी तो यायला हवा आणि मग माणूस काम करेल. म्हणून आरशासमोर उभं राहून "मी ग्रेट आहे" म्हणायला सांगतात, इंटरव्ह्यूआधी दोन मिनिटं कमरेवर हात ठेवून उभं राहायला सांगतात. अशा पोजने हार्मोन्स आणि जोखीम घेण्याची तयारी बदलते ही कल्पना 2010 च्या एका अभ्यासातून आली, त्यात 42 लोक होते. 2015 मध्ये 200 लोकांवर तोच प्रयोग पुन्हा केला तर लोकांना "पॉवरफुल वाटतंय" इतकंच निघालं, हार्मोन्समध्ये किंवा जोखीम घेण्यात काही फरक नाही. 2016 मध्ये मूळ पेपरच्या पहिल्या लेखिका डेना कार्नी यांनी स्वतः जाहीर लिहिलं की हा परिणाम खरा आहे असं मला आता वाटत नाही. मला या बाईंबद्दल फार आदर वाटतो. पण तो फोटो अजून फॅमिली ग्रुपवर फिरतोच आहे.

याच्या उलट मानसशास्त्रज्ञ अल्बर्ट बँडुरा. स्टॅनफर्डला 1960 च्या दशकाच्या शेवटी त्यांनी सापाला प्रचंड घाबरणाऱ्या लोकांवर काम केलं. आधी दुसऱ्याला साप हाताळताना बघायचं, मग हातमोजा घालून स्पर्श करायचा, मग मोजा काढून, मग स्वतः उचलायचा. बहुतेकांची भीती गेली. पण बँडुरांना नवल वाटलं ते वेगळ्याच गोष्टीचं, ही माणसं सांगायला लागली की सापाचं सोडा, आम्ही बाकीच्याही गोष्टी करून बघायला लागलो. त्यातून त्यांनी 1977 मध्ये 'मला हे काम जमेल' या विश्वासाची थिअरी मांडली. हा विश्वास कुठून येतो त्याचे चार स्रोत त्यांनी सांगितले: स्वतः करून बघणं, आपल्यासारख्याच कुणाला करताना बघणं, दुसऱ्याने धीर देणं, आणि आपलं शरीर काय सांगतंय ते. यात सगळ्यात जोरदार पहिला. नुसता शाब्दिक धीर फार टिकत नाही.

त्या गोष्टीतला हातमोजा लक्षात ठेवा.

आता वजाबाकी. 1972 मध्ये येलचे दोन मानसशास्त्रज्ञ, रॉबर्ट रेस्कोर्ला आणि अ‍ॅलन वॅगनर, यांनी एक समीकरण मांडलं. पावलोव्हचा कुत्रा शाळेत शिकलोय आपण, घंटा वाजली की लाळ. या दोघांचं म्हणणं असं की घंटा आणि खाणं सोबत आलं एवढ्याने प्राणी शिकत नाही, अंदाज चुकला तरच शिकतो. सोप्या भाषेत:

बदल = वेग × (जे घडलं − जे अपेक्षित होतं)

आकडे टाकू, हे आकडे माझ्या मनाचे आहेत, समजण्यापुरते. समजा तिच्या मेंदूचा अंदाज आहे की इंटरव्ह्यूत 100 पैकी 90 वाईट घडणार. हसतील, ब्लँक होईन, इंग्रजी अडेल. प्रत्यक्षात घडतं 20 इतकंच वाईट, एकदोनदा अडखळली बास. फरक उणे 70. शिकण्याचा वेग 0.2 धरला तर बदल उणे 14, म्हणजे पुढच्या वेळी अंदाज 76. पुन्हा प्रत्यक्षात 20, आता अंदाज साधारण 65. मग 56. बघा, कुणी काही भरवलं नाही, सकारात्मक विचार केला नाही, तरी आकडा खाली येतोय. पहिल्या उडीत सगळ्यात जास्त उतरतो कारण तेव्हा चूक सगळ्यात मोठी असते. आणि गेलीच नाही तर? अंदाज 90 वरच राहतो, कारण तो खोटा ठरायची संधीच त्याला मिळाली नाही. टाळल्याने भीती टिकते म्हणतात ते याच अर्थाने.

पण समीकरणात एक बारीक गोष्ट आहे जी वाचताना सहज निसटते. 'जे अपेक्षित होतं' ही एका गोष्टीची अपेक्षा नसते, त्या क्षणी समोर असलेल्या सगळ्या खुणांची मिळून बेरीज असते. इंटरव्ह्यूची खोली म्हणजे 90. आता त्यात अंगठी आली. वडीलधाऱ्यांनी सांगितलंय की ही असली की काही होणार नाही, म्हणून अंगठीचं मूल्य धरा उणे 70. बेरीज 20. प्रत्यक्षात घडलं 20. फरक शून्य! फरक शून्य म्हणजे बदल शून्य. ती इंटरव्ह्यू देऊन आली, चांगला देऊन आली, आणि मेंदू त्यातून काहीही शिकला नाही, खोलीचं मूल्य होतं तिथेच, 90. पुढच्या वेळी अंगठी बाथरूममध्ये, आणि समोर पूर्ण 90 ची भीती जशीच्या तशी. ती फोनवर रडत होती तेव्हा मला हेच डोळ्यासमोर दिसत होतं.

म्हणजे अंगठीने भीती झाकली आणि झाकली म्हणूनच ती उतरू शकली नाही. आणि हे फक्त अंगठीला लागू नाही हो, म्हणून नास्तिकांनीही खूश व्हायचं कारण नाही. भाषण पूर्ण पाठ करून शब्दन् शब्द म्हणणं, मीटिंगमध्ये सतत मोबाईलमध्ये बघणं, मैत्रीण शेजारी असेल तरच हात वर करणं, खिशात बीपीची गोळी असली तरच स्टेजवर जाणं, सगळ्यांची बेरीज तशीच होते. मी परभणीकडचा, बारावीपर्यंत मराठी मीडियम, इंजिनिअरिंगला आल्यावर व्हायव्हा इंग्रजीत. मी चार वर्षं एकच युक्ती केली, परीक्षकांच्या डोळ्यात बघायचंच नाही, फाईलकडे बघून बोलायचं. पास होत गेलो पण आठव्या सेमिस्टरला भीती पहिल्या सेमिस्टरइतकीच होती आणि मला वाटायचं माझ्यातच काहीतरी कमी आहे. कुणी मला ही बेरीज तेव्हा दाखवायला हवी होती. बँडुरांनी हातमोजा दिला पण तो काढून घेतला, सगळी मेख तिथे आहे. सुरुवातीला आधार असायला हरकत नाही, पण तो काढायचा दिवस ठरलेला हवा.

ही चूक मेंदू मोजतो कुठे? मेंदूशास्त्रज्ञ वोल्फ्राम शुल्ट्झ यांनी 1990 च्या दशकात माकडांवर काम करताना पाहिलं की डोपामिनच्या (हे मेंदूतलं निरोप पोचवणारं एक रसायन) पेशी ज्यूस मिळाला म्हणून पेटत नाहीत, अपेक्षेपेक्षा जास्त मिळाला तर पेटतात, अपेक्षित ज्यूस नाही आला तर थंडावतात. वरचीच वजाबाकी, पेशींमध्ये. 2018 मध्ये उंदरांवरच्या प्रयोगात दिसलं की शॉक येणार असं वाटत असताना तो आला नाही की काही डोपामिन पेशी त्याच क्षणी सक्रिय होतात, आणि तो सिग्नल दाबला तर भीती विझण्याचं शिकणं बिघडतं. वाईट काही घडलं नाही हीच मेंदूसाठी एक बातमी असते! या पेशी राहतात मध्यमेंदूत, म्हणजे मिडब्रेनमध्ये. हो, तोच, ज्याच्या 'अ‍ॅक्टिव्हेशन'साठी आईबापांकडून हजारो रुपये घेतात आणि मुलांना डोळ्याला पट्टी बांधून वाचायला लावतात. पट्टी आणि नाक यांच्यातल्या फटीतून मूल बघत असतं. मला याचा मनापासून राग येतो, कारण त्या मुलाला फसवायला शिकवलं जातं, आणि त्याचा मिडब्रेन जन्मापासून चालूच आहे, तो त्या वर्गातही शांतपणे अपेक्षा आणि घटना यांची वजाबाकी करत बसलेला असतो.

आता थोडं अवघड आहे पण जरा थांबा माझ्यासोबत. रेस्कोर्ला-वॅगनरच्या गणिताप्रमाणे 90 चा 20 झाला की जुनी भीती पुसली गेली. पण पावलोव्हनेच पाहिलं होतं की घंटेनंतर खाणं येईनासं झालं म्हणून लाळ सुटणं थांबलेला कुत्रा काही वेळ विश्रांतीनंतर घंटा ऐकून पुन्हा लाळ गाळतो. पुसलं असतं तर परत आलं कुठून? मार्क बूटन यांनी 1979 पासून उंदरांवर दाखवलं की एका पेटीत विझवलेली भीती दुसऱ्या पेटीत परत येते. म्हणजे जुनी आठवण तशीच असते, तिच्या शेजारी 'इथे धोका नाही' अशी नवी आठवण तयार होते, आणि ही नवी आठवण जागेला बांधलेली असते. 2002 मध्ये मोहम्मद मिलाद आणि ग्रेगरी क्वर्क यांनी उंदरांच्या मेंदूच्या पुढच्या भागात अशा पेशी शोधल्या ज्या भीती विझल्याची आठवण काढतानाच पेटतात, आणि तिथून अमिग्डालाला ब्रेक लागतो. (अमिग्डाला म्हणजे मेंदूतला बदामाएवढा भाग, त्याला भीतीचं केंद्र म्हणतात ते फार ढोबळ आहे, पण आत्ता चालवून घेऊ.) गाडी तीच, इंजिन तेच, फक्त ब्रेक नवा बसलाय, आणि तो ब्रेक ज्या रस्त्यावर बसवला तिथे सगळ्यात चांगला लागतो.

याचा व्यवहारात अर्थ फार मोठा आहे. मित्रांच्या कट्ट्यावर धडाधड बोलणारा पोरगा ऑफिसच्या मीटिंगमध्ये गप्प होतो तेव्हा तो "खोटा कॉन्फिडन्स" नसतो, नवी आठवण अजून त्या खोलीत पोचलेली नसते इतकंच. त्यामुळे सराव वेगवेगळ्या ठिकाणी, वेगवेगळ्या माणसांसमोर, वेगवेगळ्या वेळी करायचा. आणि सहा महिन्यांनी भीती परत आली तर सगळं पाण्यात गेलं असं मानायचं नाही, ब्रेक आहे, तो पुन्हा लवकर लागतो.

भावनांचं काय, त्या दाबायच्या का? शक्यतो नको. जेम्स ग्रॉस यांच्या 1990 च्या दशकातल्या प्रयोगांत भावना चेहऱ्यावर न दाखवणाऱ्यांना आतून कमी वाईट वाटत नव्हतं, शरीराचा ताण मात्र वाढत होता. त्यापेक्षा नाव द्या. मॅथ्यू लीबरमन यांनी 2007 मध्ये दाखवलं की चिडलेल्या किंवा घाबरलेल्या चेहऱ्याचा फोटो बघून त्या भावनेचा शब्द निवडला की अमिग्डालाची हालचाल कमी होते. 2012 च्या एका प्रयोगात कोळ्याला घाबरणाऱ्यांनी कोळ्याजवळ जाताना मनातली भीती शब्दात बोलून दाखवली, आठवड्याने त्यांच्या हातांचा घाम बाकीच्यांपेक्षा कमी होता. आणि आपल्याकडे शब्द किती आहेत बघा, धाकधूक वेगळी, धास्ती वेगळी, घालमेल वेगळी, भीड तर अजूनच वेगळी. सगळ्याला "टेन्शन" म्हणून आपण आपलंच नुकसान करतो. पुतणीला विचारलं नेमकं काय वाटतं, तर बराच वेळ विचार करून म्हणाली भीती नाही काका, भीड वाटते, समोरच्याचा वेळ वाया घालवतेय असं वाटतं. मग आम्हाला कळलं अंदाज नेमका कशाचा तपासायचा.

एक महत्त्वाचं सांगायलाच हवं. पॅनिक अटॅक येत असतील, घराबाहेर पडणं बंद झालं असेल, जुना काही आघात असेल तर हे घरच्या घरी करायचं नाही, त्यासाठी शिकलेली माणसं आहेत, आणि टेलिमानस ही सरकारी हेल्पलाईन 14416 वर मोफत आहे.

तर आम्ही काय केलं. एक साधी वही घेतली. जायच्या आधी लिहायचं, काय वाईट होणार आणि किती टक्के खात्री. आल्यावर शेजारी लिहायचं, प्रत्यक्षात काय झालं. लिहून ठेवणं गरजेचं आहे कारण नंतर मेंदू म्हणतो मला माहीतच होतं, आणि मग फरक दिसत नाही. पहिल्या रविवारी माझ्या दोन मित्रांसमोर मॉक इंटरव्ह्यू, अंगठी बोटात. दुसऱ्या रविवारी अंगठी पर्समध्ये. तिसऱ्या रविवारी अंगठी घरी, आणि मित्रांच्या ऐवजी तिला न ओळखणारी माझ्या ऑफिसमधली एक मॅडम. वहिनीशी मी वाद घातला नाही, अंगठी देवघरात ठेवू म्हटलं, त्या तयार झाल्या.

वहीत पहिल्या ओळीत लिहिलंय, "समोरचे कंटाळून घड्याळ बघतील, 90 टक्के." शेजारी, "एकदा बघितलं, मग दोन प्रश्न जास्तीचे विचारले." नंतर 75. नंतर 60. गेल्या आठवड्यात तिचा हैदराबादला इंटरव्ह्यू होता, तिथे आकडा परत 80 झाला. त्याच्या बाजूला तिने स्वतःच कंसात लिहिलंय, "खोली नवीन आहे." आणि आत गेली.