पिवळे डोळे, पानथरी आणि पेशी खाणाऱ्या पेशी

नागपुरात ‘मेडिकल’च्या, म्हणजे सरकारी वैद्यकीय महाविद्यालयाच्या, ओपीडीत एसएस पॅटर्नचं, म्हणजे आई-वडील दोघांकडून सिकलसेलचा जनुक मिळालेलं, मूल डोळे पिवळे घेऊन आलं, की सोबतची आजी बहुधा ‘कावीळ झाली’ म्हणूनच सांगते. रंग तोच, पण यकृत बिघडलेलं असतंच असं नाही. मुलाच्या तांबड्या पेशी भराभर मोडल्या जात असतात आणि पिवळेपणा त्या मोडतोडीचा असतो. काही पेशी रक्तवाहिनीतच फुटतात. बऱ्याचशा मात्र पानथरीत (प्लीहेत) आणि यकृतात शरीराच्याच भक्षकपेशी गिळून टाकतात. सिकलसेलला आपल्याकडे ‘रक्त कमी होण्याचा आजार’ म्हणतात. रक्त जातं कुठे, याचं उत्तर मिळायला मात्र बराच काळ जावा लागला.

सुरुवात १८८२ सालची, सिसिली बेटावरच्या मेसिना गावातली. इल्या मेचनिकॉफ हा रशियन प्राणिशास्त्रज्ञ. अभ्यास रोगांचा नव्हे, पचनाचा: पोट नसलेले साधे जीव अन्न कसं पचवतात, हा त्याचा विषय. एके दिवशी घरची मंडळी सर्कशीला गेली आणि तो सूक्ष्मदर्शकापाशी एकटाच राहिला. तारामाशाच्या पारदर्शक पिल्लात इकडून तिकडे फिरणाऱ्या पेशी बघताना त्याच्या मनात आलं, की अन्न गिळणाऱ्या या पेशी बाहेरून घुसलेल्या शत्रूलाही गिळत असतील. बागेत जाऊन त्याने गुलाबाचे काटे आणले आणि पिल्लांच्या कातडीखाली खुपसले. सकाळी काट्याभोवती पेशींचा गराडा पडला होता. (त्याच बागेतलं एक छोटं झाड मुलांसाठी नाताळचं म्हणून सजवलेलं होतं, आणि ते होतं संत्र्याच्या जातीचं. नागपूरकराने एवढं तरी लक्षात ठेवावं.)

पांढऱ्या पेशींच्या पोटात जंतू सापडतात हे तोवर माहीत होतं. पण या पेशी जंतूंना अंगभर वाहून नेतात, म्हणजे उलट घातच करतात, असा समज होता. ‘खाऊन संरक्षण’ ही कल्पना जर्मन शास्त्रज्ञांच्या गळी सहज उतरली नाही. त्यांचा भर रक्तद्रवातल्या प्रतिद्रव्यांवर (अँटिबॉडींवर) होता. वाद पंचवीसेक वर्षं चालला आणि १९०८ चं नोबेल मेचनिकॉफ व प्रतिद्रव्यवाल्यांचे अग्रणी पॉल एर्लिश यांना मिळून दिलं गेलं. दोघेही बरोबर होते: प्रतिद्रव्य चिकटलेला घास भक्षकपेशी जास्त आवडीने गिळते. मेचनिकॉफचा ओडेसातला विद्यार्थी वाल्डेमार हाफकिन पुढे भारतात आला आणि १८९७ मध्ये मुंबईत प्लेगची लस त्याने आधी स्वतःला टोचून घेतली. परळची हाफकिन संस्था त्याच्याच नावाची.

गिळल्यावर आत काय होतं, हे कळायला १९५५ उजाडावं लागलं. बेल्जियमचे क्रिस्तियान द ड्यूव्ह यांनी पेशीतल्या पाचक पिशव्या, लायसोसोम, ओळखल्या. भक्षकपेशी भक्ष्याभोवती आपलं आवरण गुंडाळून घेते, त्याची पिशवी होते, तिला लायसोसोम येऊन मिळतो आणि आम्लात, पाचक विकरांत (एन्झाइम्समध्ये) सगळ्याचा चोथा होतो.

तांबडी पेशी सुमारे १२० दिवस जगते. पानथरीतल्या फटी जेमतेम १ मायक्रॉन रुंद, पेशी ७ ते ८ मायक्रॉनची. तरणी पेशी अंग आवळून पार होते. म्हातारी ताठर होऊन अडकते. तिच्या पडद्याच्या आतल्या बाजूचा एक मेदघटक बाहेर आलेला असतो. ती ‘मला खा’ अशी खूण. (‘मला खाऊ नका’ सांगणारं प्रथिनही असतं.) मग मॅक्रोफेज, म्हणजे मोठी भक्षकपेशी, तिला गिळतो, लोह काढून परत रक्तात देतो. रोज २० ते २५ मिलिग्रॅम लोह असं फिरून वापरलं जातं. अन्नातून मिळतं ते १ ते २ मिलिग्रॅम. उरलेला रंग आधी हिरवा, मग पिवळा होतो. मुका मार लागल्यावर काळंनिळं हिरवट होऊन पिवळं पडतं, तो हाच कारखाना.

सिकलसेलची पेशी तरणेपणीच ताठर. शिकागोच्या जेम्स हेरिक यांनी १९१० मध्ये विळ्याच्या आकाराच्या पेशींची नोंद केली, १९४९ मध्ये लायनस पॉलिंग यांच्या चमूने दोष हिमोग्लोबिनचा असल्याचं दाखवलं. भारतात १९५२ मध्ये निलगिरीतल्या आदिवासींत तो आढळला आणि १९५८ मध्ये शुक्ल व सोळंकी यांनी मध्य भारतातल्या वाहकांविषयी, म्हणजे एकाच पालकाकडून हा जनुक मिळालेल्यांविषयी, ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात लिहिलं. तेव्हापासून विदर्भ या नकाशावर आहे. अशी पेशी १० ते २० दिवसच टिकते. मॅक्रोफेजची यात चूक नाही. ताठर पेशी उचलणं हेच त्याचं काम.

आणि हा जनुक टिकला तोही काही अंशी त्याच्याच कृपेने. मलेरियाचा परजीवी वाहकाच्या पेशीत शिरला, की ती लवकर बिघडते आणि भक्षकपेशी तिला परजीवीसकट गिळते. मलेरियाच्या जंगलपट्ट्यात एएस पॅटर्नची, म्हणजे वाहक, मुलं जगली, त्याचं हे एक कारण मानलं जातं. दोन वाहकांच्या पोटी एसएस मूल आलं, की हिशेब उलटा फिरतो.

आफ्रिकी वंशाच्या रुग्णांत पानथरी वारंवार रक्त तुंबून लहानपणीच सुकते, रक्तातले जंतू गिळणारी ही चाळणी उरत नाही आणि न्यूमोकॉकससारख्या जंतूंना रान मोकळं होतं. आपल्याकडच्या रुग्णांत गर्भावस्थेतलं हिमोग्लोबिन जास्त टिकून असल्याने ती बरेचदा पुष्कळ वर्षं मोठीच राहते. धोका तिथेही आहे: काही तासांत रक्त तिच्यात साठून हिमोग्लोबिन कोसळू शकतं. म्हणून आईला डाव्या बरगडीखाली मुलाचं पोट चाचपायला शिकवतात. पानथरी कालच्यापेक्षा दोन बोटं खाली लागली आणि मूल पांढरंफटक दिसलं, तर सकाळची वाट न बघता निघायचं.