गोळी दम्याची, गडगा मध्यरात्रीचा

श्रावणातली गोष्ट. देवगडजवळच्या आमच्या वाडीतले एक काका रात्री अडीच वाजता अंगणात गडगा रचायला बसले. वय एकसष्ट, जुना दमा. आठवड्यापूर्वी विहिरीपर्यंत जाताना धाप लागत होती, आणि आता जांभ्याचे दगड उचलतायत, वर तोंडाचा पट्टा चालूच: यंदा हापूस थेट दुबईला, मग नवी होडी. तीन रात्री डोळ्याला डोळा नाही, तरी थकवा नाही. शेजारी म्हणाले, "बाहेरचा काय तरी दिसता." गाऱ्हाणं घालायचंही ठरलं. पुतण्याने मोबाइलवर शोधून 'बायपोलर', म्हणजे कधी उन्माद तर कधी नैराश्य असा मनाचा आजार, असं निदानही करून टाकलं.

डॉक्टरांनी विचारलं, "नवी गोळी कधीपासून?" काकींनी पिशवीतून पाकीट काढलं. प्रेडनिसोलोन, रोज 40 मिलिग्रॅम, पाचवा दिवस.

हे स्टेरॉइड म्हणजे आपल्याच कॉर्टिसॉल संप्रेरकाचा जोरकस भाऊ. श्वासनलिकांची सूज उतरवतं, पण मेंदूत स्मृती आणि भावना सांभाळणाऱ्या भागांतही त्याला बसायला जागा असते. 1972 साली बोस्टनच्या एका प्रकल्पात रुग्णालयातले रुग्ण तपासले: याच कुळातल्या प्रेडनिसोनचा रोजचा डोस 40 मिलिग्रॅमपर्यंत असलेल्यांत मानसिक त्रास 1.3 टक्के, 80 च्या वर 18.4 टक्के. म्हणजे काका शंभरातले एखादे. दम्याच्या पंपातून फवाऱ्याने घेतलेलं स्टेरॉइड रक्तात फारच थोडं उतरतं, त्याला घाबरून पंप टाकू नये.

मनावर परिणाम करणारं औषध स्टेरॉइड एकटंच नाही. 1952 मध्ये न्यूयॉर्कच्या सी व्ह्यू रुग्णालयात इप्रोनियाझिड हे क्षयाचं औषध दिलेले रुग्ण अचानक उल्हसित झाले. नैराश्यावरच्या गोळ्यांची एक वाट तिथूनच फुटली. त्याच गोळ्या काहींना उन्मादाकडे ढकलतात. थायरॉइडची गोळी जास्त झाली तरी चुळबुळ, धडधड. उलट, सर्पगंधेतल्या रेसरपिनने रक्तदाब उतरला, पण काहींना उदासी आल्याच्या नोंदी आहेत.

बायपोलर बहुधा विशी-तिशीच्या आत डोकं वर काढतो. साठीत पहिल्यांदाच, तेही नवं औषध सुरू होताच असं झालं, तर आधी औषधाकडे बघायचं. अर्थात कधी कधी गोळी आतल्या आजाराची नुसती दारं उघडते. म्हणून पुढेही लक्ष ठेवावं लागतं.

काकींना गोळी तिथेच बंद करायची होती. डॉक्टरांनी अडवलं: स्टेरॉइड बरेच दिवस चाललं असेल तर शरीर स्वतःचं कॉर्टिसॉल बनवणं मंदावतं, आणि इथे दमाही उसळला असता. डोस पायरीपायरीने उतरवला, तोही सकाळी नाश्त्यानंतर. दोनेक आठवड्यांत काका झोपू लागले. गडगा अर्धाच राहिलाय, कोणी विचारलं की म्हणतात, "पाऊस थांबूं दे."