मोठी अँटेना म्हणजे लांबची रेंज? कार्ड रीडरची मागची गोष्ट

घोडबंदर रोडच्या सोसायट्या घ्या नाहीतर महापे-रबाळेच्या कंपन्या, गेटवर कार्ड रीडर बसवायला माणूस आला की कमिटीतलं कोणीतरी म्हणणारच, "जरा मोठ्या अँटेनावाला टाका ना, लांबून घेईल". यात निम्मं खरंय, उरलेलं निम्मं कळायला थोडं मागं जावं लागतं.

तत्त्व फॅरेडेचं, १८३१ चं. कॉइलभोवतीचं (कॉइल म्हणजे तारेचं वेटोळं, रीडरची अँटेना तीच, आणि कार्डातही एक असतं) चुंबकीय क्षेत्र बदलत राहिलं की शेजारच्या कॉइलमध्ये व्होल्टेज तयार होतं, आणि कार्डात बॅटरी नसते तरी चिप चालते ती याच्यावरच. १९७३ मध्ये अमेरिकेत चार्ल्स वॉल्टनने चावीशिवाय दार उघडणाऱ्या कार्डाचं पेटंट घेतलं आणि श्लेग या कुलूपवाल्या कंपनीने ते वापरायला घेतलं. पुढे १२५ किलोहर्ट्झची कार्डं आली, ती जाडजूड, जुन्या ऑफिसांत अजून दिसतात. फ्रिक्वेन्सी कमी असली की एका वेढ्यात व्होल्टेज फारच थोडं मिळतं, म्हणून आत बारीक तारेचे खूप वेढे घालावे लागायचे. १९९४ मध्ये ऑस्ट्रियाच्या मिक्रॉन कंपनीने मायफेअर नावाचं कार्ड आणलं, १३.५६ मेगाहर्ट्झवर. फ्रिक्वेन्सी शंभर पटीहून जास्त, त्यामुळे तीन-चार वेढे पुरेसे, ते छापताही येतात आणि कार्ड एटीएम कार्डाएवढं पातळ झालं.

आता साइजचं. रीडरच्या गोल लूपमध्ये, म्हणजे कॉइलमध्ये, करंट तेवढाच ठेवला तर ठराविक अंतरावर सगळ्यात जास्त क्षेत्र कधी मिळतं, तर लूपची त्रिज्या त्या अंतराच्या साधारण १.४ पट असते तेव्हा. म्हणजे १० सेंटीमीटरवरून कार्ड वाचायचं तर त्रिज्या १४, जवळजवळ जेवणाच्या ताटाएवढी अँटेना! तीन-चार सेंटीमीटरवर टॅप करायचं असेल तर तळहाताएवढी बास, आणि भिंतीवरचे रीडर तेवढेच असतात ते उगाच नाही. त्याहून मोठी केली तर क्षेत्र पसरतं, अगदी जवळ धरलेल्या कार्डाला उलट कमीच मिळतं, वर आजूबाजूचा नॉइज जास्त गोळा होतो तो वेगळाच. लूपपासून दूर गेलात की क्षेत्र अंतराच्या घनाने पडतं (अंतर दुप्पट तर क्षेत्र आठवा भाग), म्हणून नुसती पॉवर वाढवून फारसं काही हाती लागत नाही. लायब्ररीच्या दारातल्या त्या उंच फ्रेमा वेगळ्या स्टँडर्डच्या, मीटरभर रेंजसाठी, म्हणून तेवढ्या मोठ्या.

आकाराची भानगड अशी की कार्ड लूपला समांतर असेल तर मस्त चालतं, काटकोनात धरलं तर मधोमध जवळजवळ शून्य, कारण कार्डाच्या कॉइलमधून क्षेत्र जातच नाही. म्हणून मोठ्या गेटला इंग्रजी आठच्या आकाराची किंवा दोन-दोन लूप लावतात. आणि रीडर थेट लोखंडी ग्रीलवर ठोकला (आपल्याकडे सर्रास ठोकतात) तर लोखंडात एडी करंट, म्हणजे भोवऱ्यासारखे करंट फिरतात, ट्युनिंग बिघडतं आणि रेंज आपटते. मध्ये फेराइटची (चुंबकीय क्षेत्र स्वतःतून वळवून नेणारी) शीट तरी घाला, नाहीतर रीडर ग्रीलपासून जरा पुढे आणा.

नोकियाचा एनएफसी फोन, म्हणजे कार्डासारखा टॅप करता येणारा, २००६-०७ च्या सुमारास आला आणि नवीन गोंधळ सुरू झाला, कारण फोनची कॉइल कार्डापेक्षा लहान, शिवाय कोणाची पाठीच्या मध्यावर तर आयफोनची वरच्या कडेला. गेटवर लोक फोन फिरवत जागा शोधतात ते त्यामुळे.

मग "लांबून घेईल" ही अपेक्षा आली कुठून? मला वाटतं फास्टॅगवरून. पण टोलनाक्यावरचा मामलाच वेगळा, ८६५ ते ८६७ मेगाहर्ट्झ, तरंगलांबी साधारण ३५ सेंटीमीटर, तिथे शेजारच्या कॉइलचं क्षेत्र नाही तर सुटलेली रेडिओ लहर काम करते, म्हणून कित्येक मीटर जातं. तिथल्या अँटेनाचं माप तरंगलांबीवरून ठरतं, अंतरावरून नाही, आणि टॅग कसाही चिकटवलेला असला तरी चालावं म्हणून ती लहर गोल फिरणारी ठेवतात, त्यात टॅगला निम्मीच पॉवर मिळते तरीही. तेव्हा गाड्या लांबून ओळखायच्या असतील तर तो दुसराच रीडर घ्यावा लागतो, आणि चालत येणाऱ्यांच्या कार्डासाठी तळहाताएवढा आहे तोच बरा.