गुंडासोबतच्या फोटोने अर्ज बाद होत नाही

मुंबईत लोकसभेची किंवा विधानसभेची निवडणूक आली की उमेदवाराचा एखाद्या गुंडासोबतचा जुना फोटो फिरतो आणि खाली लिहिलेलं असतं, ‘आता अर्ज बाद!’ तसं होत नाही. छाननीत निवडणूक निर्णय अधिकारी ओळखीपाळखी तपासत नाही. नमुना २६ च्या शपथपत्रात प्रलंबित खटले, शिक्षा, जोडीदाराची आणि अवलंबितांची मालमत्ता लिहावी लागते. मित्रांसाठी रकानाच नाही. नुसता गुन्हा दाखल असला तरी लढता येतं. साधारणपणे २ वर्षं किंवा जास्त शिक्षा झाली तरच अपात्रता येते, ती सुटकेनंतरही ६ वर्षं राहते. २००४ मध्ये गुन्हेगारी पार्श्वभूमीचे अरुण गवळी चिंचपोकळीतून आमदार झाले, हे विसरू नये.

फटका बसतो तो प्रचारात. माघारीची मुदत संपल्यावर उमेदवाराला स्वतःवरचे खटले वर्तमानपत्रात आणि टीव्हीवर ३ वेळा जाहीर करावे लागतात: पहिल्या ४ दिवसांत, मग ५ ते ८ व्या दिवशी, मग ९ व्या दिवसापासून प्रचार संपेपर्यंत. पक्षालाही निवडीची कारणं द्यावी लागतात, आणि ‘निवडून येण्याची क्षमता’ हे एकच कारण चालत नाही. मतदारांनी फोटोपेक्षा हे शपथपत्रच वाचावं. ते निवडणूक आयोगाच्या संकेतस्थळावर मिळतं.

उलट, खोटा फोटो जोडून चारित्र्यावर शिंतोडे उडवणाऱ्या प्रतिस्पर्ध्याचीच निवड लोकप्रतिनिधित्व कायद्याच्या कलम १२३(४) खाली रद्द होऊ शकते. त्यासाठी निकालापासून ४५ दिवसांत उच्च न्यायालयात याचिका हवी.