वाइन-यीस्टचे आनुवंशिक संशोधन

द्राक्षरसाचे किण्वन करणाऱ्या यीस्ट-वाणांची जनुकरचना, त्यांचा उगम व त्यांच्यातील सुधारणा यांचा अभ्यास. हे वाण मुख्यतः सॅकॅरोमायसीझ सेरेव्हिसी या जातीचे असून पाव व साके (जपानी तांदळाचे मद्य) यांचे यीस्टही याच जातीचे आहे.

ए. सी. हान्सेन यांनी १८८३ मध्ये बिअरच्या यीस्टचे शुद्ध (एकाच पेशीपासूनचे) संवर्धन केले. त्यानंतर हेर्मान म्युलर-तुर्गाउ यांनी ही पद्धत वाइनकडे वळवली. यीस्टच्या जीवनचक्रात एकगुणित (गुणसूत्रांचा एक संच) व द्विगुणित (दोन संच) अवस्था आलटून पालटून येतात, हे ओ. विंगे यांनी १९३५ मध्ये दाखवल्यावर संकर करणे शक्य झाले. १९९६ मध्ये या जातीचा संपूर्ण जीनोम (पेशीतील सर्व डीएनए) वाचून झाला (१६ गुणसूत्रे, डीएनएच्या सुमारे १.२ कोटी आधारक-जोड्या, सुमारे ६,००० जनुके). मात्र वाचलेला वाण प्रयोगशाळेतला होता. त्याचा बराचसा वारसा कॅलिफोर्नियातील एका सडक्या अंजिरावरच्या यीस्टकडे जातो, वाइनच्या पिंपाकडे नव्हे. त्यामुळे वाइन-वाणांची खास जनुके आणखी दहा-बारा वर्षे नजरेआडच राहिली.

उगम : ही जात माणसाच्या मद्यनिर्मितीतूनच घडली आणि रानात सापडणारे वाण म्हणजे मळ्यातून निसटलेले यीस्ट, असे एक जुने मत होते. ते आता मागे पडले आहे. धड, न फुटलेल्या द्राक्षावर हे यीस्ट क्वचितच मिळते. ओक वृक्षांची साल व भोवतालची माती येथे ते आढळते. वाइन व साके यांचे वाण वेगवेगळे माणसाळले, असे २००५ मधील तुलनेतून दिसले. २००७ च्या एका अभ्यासाने वाइन-वाणांचा प्रसार मेसोपोटेमियातून द्राक्षवेलीबरोबर झाल्याचे सुचवले. २०१५ मध्ये भूमध्य सागरी प्रदेशातील ओकवरचे रानटी यीस्ट त्यांचे सर्वांत जवळचे नातलग ठरले. १,०११ वाणांच्या जीनोमांवरून (२०१८) संपूर्ण जातीचे मूळ चीनच्या परिसरात असावे असे दिसते. जातीचे मूळ आणि वाइन-शाखेचे मूळ हे दोन प्रश्न वेगळे धरले, तर या दोन निष्कर्षांत विरोध उरत नाही. कालगणना मात्र जपून घ्यावी लागते : यीस्टच्या वर्षाला किती पिढ्या होतात यावर ती अवलंबून असते आणि तो आकडा गृहीतच धरलेला असतो. ईजिप्तमधील ॲबिडॉस येथील सुमारे इ. स. पू. ३१५० च्या कुंभातून यीस्टच्या डीएनएचे अंश मिळाले आहेत. तेवढ्यावरून वाण ठरवता येत नाही.

जनुकीय खुणा : सर्वांत बारकाईने अभ्यासलेले उदाहरण सल्फाइट (वाइन टिकवण्यासाठी वापरले जाणारे गंधकाचे संयुग) सोसण्याच्या क्षमतेचे आहे. पेशीत शिरलेले सल्फाइट बाहेर फेकणारा प्रथिन-पंप एसएसयू१ या जनुकामुळे तयार होतो. अनेक वाइन-वाणांत ८ व्या व १६ व्या गुणसूत्रांच्या तुकड्यांची अदलाबदल होऊन या जनुकापुढे दुसऱ्याच जनुकाचा अधिक प्रबळ नियंत्रक भाग (जनुकाचे काम कमीजास्त करणारा डीएनएचा तुकडा) आला आहे व त्यामुळे पंप अधिक प्रमाणात तयार होतो. १५ व्या व १६ व्या गुणसूत्रांमधील वेगळ्या अदलाबदलीनेही तोच परिणाम साधलेला आढळतो. गंधकाची धुरी देण्याच्या प्रथेची ही खूण मानली जाते. तांबे सोसण्यास मदत करणाऱ्या सीयूपी१ जनुकाच्या अनेक प्रतींचा संबंध असाच बोर्डो मिश्रणाशी (मोरचूद व चुना यांची बुरशीनाशक फवारणी; १८८५ पासून, आपल्याकडील द्राक्ष-बागाईतदारांनाही ते परिचित आहे) जोडतात. तो संभाव्य आहे, पण नियंत्रक भागाच्या उदाहरणाइतका घट्ट नाही.

शॅंपेनशी संबंधित ईसी१११८ या वाणाच्या जीनोममध्ये (२००९) परक्या यीस्टांकडून आलेले तीन पट्टे व त्यांवर ३४ जनुके सापडली. एक पट्टा झायगोसॅकॅरोमायसीझ बेली या, एरवी वाइन नासवणाऱ्या, यीस्टचा आहे. दुसरा टोरुलास्पोरा वंशातून आला असून त्यावरील जनुकांमुळे रसातील लहान पेप्टाइडे (प्रथिनांचे तुकडे) नायट्रोजनासाठी वापरता येतात. जाती ओलांडून जनुके नेमकी कशी आली, याविषयी एकमत नाही.

सुधारणा : बाजारातील बरेच वाण परस्परांचे जवळचे नातलग असल्याने संकरासाठी सॅ. कुद्रियावझेवी यांसारख्या भावंड-जातींकडे पाहिले जाते. द्राक्षरसातील आंबट मॅलिक आम्लाचे सौम्य लॅक्टिक आम्लात रूपांतर करणारा एमएल०१ हा जनुक-परिवर्तित वाण अमेरिकेत २००३ मध्ये वापरास खुला झाला.