रिस्टोरेशन आणि रिस्टोमॉड : बाबांची कॉन्टेसा उघडण्याआधी

वर्षानुवर्षं शेडमध्ये उभी असलेली गाडी सुरू करायची म्हटलं की भेटेल तो माणूस म्हणतो, 'रिस्टोरेशन करून टाका.' आणि त्याच दमात अलॉय व्हील, टचस्क्रीन, एलईडी दिवे आणि एखादं नवं डिझेल इंजिनही सुचवतो. पहिला शब्द एका कामाचा आणि पुढची सगळी यादी दुसऱ्याच कामाची, हे त्याच्या लक्षातही येत नाही. पहिल्या कामाला रिस्टोरेशन म्हणतात, दुसऱ्याला रिस्टोमॉड. नावं सारखी वाटतात, दोन्ही गाड्या शेवटी चकचकीतच दिसतात, म्हणून गल्लत होते. पण पहिला पाना लावण्याआधीच यातलं आपण काय करतोय हे ठरवावं लागतं.

आमच्या नागपुरातल्या प्रतापनगरच्या घरी बाबांची १९९४ची कॉन्टेसा आहे, १.८ लीटरची. २००९मध्ये नोंदणीची पंधरा वर्षं भरली, नूतनीकरण राहून गेलं आणि गाडी पत्र्याच्या शेडखाली गेली ती गेलीच. गेल्या हिवाळ्यापासून मी आणि माझा भाऊ मिळून तिला उभी करतो आहोत. जे शिकलो त्यातलं बरंचसं या एका फरकाभोवतीच फिरतं.

रिस्टोरेशनमध्ये प्रत्येक टप्प्यावर एकच प्रश्न विचारायचा असतो : ही गाडी कारखान्यातून बाहेर पडली तेव्हा हा भाग कसा होता? रंग, कापड, स्क्रूचं डोकं, वायरीचा रंग, सगळ्याचं उत्तर गाडीतच किंवा तशाच दुसऱ्या गाडीत शोधायचं. रिस्टोमॉडमध्ये प्रश्न वेगळा : बाहेरचं रूप जुनंच ठेवून आतून ही गाडी आज मला कशी चालायला हवी? इथे उत्तर तुमच्या गरजेत आणि खिशात असतं. दोन्ही प्रश्न प्रामाणिक आहेत. निम्मी गाडी एका प्रश्नावर आणि निम्मी दुसऱ्यावर गेली, की ती ना धड जुनी राहते ना धड नवी होते.

कॉन्टेसाच्या बाबतीत ही ओढाताण जास्त होते, त्याला कारण तिची अंगकाठी. 'मसल कार' हा शब्द अमेरिकेचा; १९६४ची पॉन्टियाक जीटीओ ही त्या जातीची पहिली गाडी मानली जाते. मध्यम आकाराच्या गाडीत ६.४ लीटरचं व्ही-८ इंजिन, असा तो मामला. हिंदुस्तान मोटर्सने १९८४मध्ये कॉन्टेसा आणली तेव्हा तिचा साचा ब्रिटनच्या वॉक्सहॉल कंपनीच्या सत्तरच्या दशकातल्या व्हीएक्स गाड्यांचा होता. लांब बोनेट, रुंद जाळी, पसरट डिक्की, ताकद मागच्या चाकांना. सुरुवातीचं इंजिन मात्र अँबेसेडरचंच, १४८९ सीसी, जेमतेम ५० बीएचपी. पुढे जपानच्या इसुझू कंपनीचं १८१७ सीसीचं पेट्रोल इंजिन आणि पाच गिअर आले, ताकद ८८ बीएचपीच्या घरात गेली आणि गाडीला तिच्या देहाला शोभेल असा वेग मिळाला. २००२मध्ये उत्पादन थांबलं. तिला भारताची मसल कार म्हणतात ते या रूपावरून. असं रूप बघितल्यावर त्यात मोठं इंजिन बसवावंसं वाटणं स्वाभाविकच आहे.

आमच्या ओळखीच्या फिटरनेही पहिल्याच दिवशी बोनेट उघडून तेच सांगितलं, "काऊन उघडून राहिले दादा हे इंजिन? दुसरं टाकून देऊ न, पार्टाची झंझटच नाही राहत." त्याचं म्हणणं खोटं नव्हतं. पण इंजिन खरंच गेलं आहे की नुसतं झोपलं आहे, हे त्या घडीला त्यालाही माहीत नव्हतं आणि आम्हालाही नाही. आम्ही चारही प्लग काढले, प्रत्येक भोकात थोडं पातळ ऑइल सोडलं, आठवडाभर तसंच ठेवलं आणि मग क्रँकच्या नटाला पाना लावून हाताने फिरवलं. तिसऱ्या दिवशी बोटभर हललं, पाचव्या दिवशी पूर्ण फिरलं. पुढे कॉम्प्रेशन, म्हणजे सिलिंडरमधला दाब, मोजला तर चारही सिलिंडर एकमेकांच्या जवळपास, म्हणजे इंजिन आतून शाबूत. असं इंजिन बदलणं म्हणजे ते वाया घालवणं. दुसरा दिलासा असा की अँबेसेडरच्या १८०० आयएसझेड या मॉडेलमध्ये याच कुळातलं इसुझू इंजिन होतं, त्यामुळे वॉटर पंप, गॅस्केट, क्लच प्लेट यांच्यासाठी शोधाचं वर्तुळ एकदम मोठं होतं. बाहेरच्या भागांसाठी मात्र तसं नाही. जाळी, मागचे दिवे, क्रोमच्या पट्ट्या जपून काढायच्या, कागदात गुंडाळायच्या आणि वर मार्करने लिहून ठेवायचं.

रंगाची गोष्ट जरा सविस्तर सांगतो, कारण दोन्ही कामांतला फरक मला तिथेच डोळ्यांनी दिसला. गाडी पांढरी आहे, मला आठवते तशी पांढरीच. एका रविवारी ड्रायव्हरच्या बाजूच्या दाराच्या आतल्या कडेवर, बिजागरीजवळ, चारशे नंबरचा पाणकागद साबणाच्या पाण्यात भिजवून रुपयाएवढी जागा घासत बसलो. आधी पांढरा गेला. त्याखाली लांबीचा, म्हणजे खड्डे बुजवायच्या पुट्टीचा, पिवळट थर. त्याखाली राखाडी प्रायमर. मग अचानक गडद निळा. आणखी घासलं तर निळ्याखाली कारखान्याचा प्रायमर आणि मग पत्रा. झाडाच्या बुंध्यातल्या वलयांसारखी ती गोल गोल कडी एकात एक दिसत होती. आईला बोलावून दाखवलं. ती म्हणाली, "निळीच होती रे. तू दोन वर्षांचा असताना मागून ट्रकने ठोकली, तेव्हा बाबांनी पांढरी करून घेतली."

आता रिस्टोरेशन म्हणजे निळा रंग हे पुस्तकी उत्तर झालं. पण घरच्या गाडीत आणखी एक प्रश्न असतो : कोणत्या दिवसाकडे परत जायचं? कारखान्यातून निघाली त्या दिवसाकडे, की आपल्याला आठवते त्या दिवसाकडे? माझ्या मते दोन्ही उत्तरं रिस्टोरेशनच्याच आत बसतात, कारण दोन्हींचा पुरावा गाडीच्या अंगावर आहे. मॅट काळा रंग आणि त्यावर लाल पट्टे बसत नाहीत. आवडत असतील तर जरूर करावेत, त्याला रिस्टोमॉड म्हणावं आणि पुढे जावं.

पत्र्याच्या कामात दोन्ही वाटा बराच काळ बरोबर चालतात. नागपूरची हवा कोरडी, म्हणून मुंबई-कोकणातल्या गाड्यांसारखा गंज इथे सहसा नसतो. पण पावसाळ्यात काचेच्या तडकलेल्या रबरातून पाणी आत शिरतं, गालिच्याखालच्या फेल्टमध्ये मुरतं आणि फ्लोअर खालून नाही तर वरून सडतो. चुंबक फिरवून बघायचं. जिथे तो धरत नाही तिथे लांबी जाड आहे. सडलेला पत्रा कापून नवा जोडायचा, भोकावर लांबी थापायची नाही, हा नियम दोन्हीकडे सारखाच. रंग मारायचा तो नोव्हेंबर ते फेब्रुवारीत. मे महिन्यात पारा पंचेचाळिसाच्या पुढे असताना थिनर हवेतच उडतो आणि रंग खरखरीत बसतो. पावसाळ्यात एनसी (नायट्रोसेल्युलोज) रंगावर दमटपणाने दुधाळ झाक येते.

वाटा फुटतात त्या करवत आणि ड्रिल हातात आल्यावर. आम्ही हे पैसे मोजून शिकलो. एका गॅरेजवाल्याला वायरिंग तपासायला गाडी दिली होती. त्याने चांगल्या मनानेच मोठा टचस्क्रीन बसावा म्हणून डॅशबोर्डचा मधला भाग कापून ठेवला. विचारलं नाही, कापलेला तुकडाही फेकून दिला. इंजिन रिबोअर करता येतं, म्हणजे झिजलेले सिलिंडर नव्या मापाला कोरता येतात, पत्रा जोडता येतो, पण तो साच्यातून निघालेला, तीस वर्षांच्या उन्हाने कडक झालेला डॅशबोर्ड नवीन मिळत नाही. त्या दिवसापासून आमच्या शेडच्या भिंतीवर खडूने लिहिलेलं आहे : 'हे परत मागे नेता येईल का?' येत असेल तर बिनधास्त करायचं. नसेल तर दोघांनी मिळून ठरवल्याशिवाय हात लावायचा नाही.

या कसोटीवर मधल्या कितीतरी गोष्टी सुटतात. आता पंपावर ई-२०, म्हणजे वीस टक्के इथेनॉल मिसळलेलं पेट्रोल मिळतं. इथेनॉलने जुन्या रबराच्या नळ्या आणि कार्ब्युरेटरमधली सील फुगतात, मऊ पडतात, शिवाय ते पाणी ओढून घेतं, म्हणजे उभ्या गाडीच्या टाकीत गंज. इथेनॉल सोसणाऱ्या नळ्या बसवणं 'मूळ' नाही, पण त्या उद्या काढता येतात आणि न बसवल्यास गाडी पेटू शकते. हेडलाइटला रिले (विजेवर चालणारा छोटा जोड-स्विच) लावला तर सगळा करंट जुन्या स्विचमधून जात नाही. मूळ वायर न कापता तो बसतो. एसीचंही तेच. १९९४च्या एसीत आर-१२ वायू होता. ओझोनच्या थरासाठी तो बंद झाला आणि भारतातही त्याचं उत्पादन थांबलं. त्याच्या जागी आलेला आर-१३४ए भरायचा तर नुसता गॅस बदलून भागत नाही, ऑइल, ओ-रिंग आणि ड्रायरही बदलावे लागतात. नागपुरात एसीशिवाय आईला उन्हाळ्यात त्या गाडीत बसवणं मला जमणार नाही, म्हणून हे करणार आहे. पॅनलवरची बटणं जुनीच राहतील.

पूर्ण रिस्टोमॉड मात्र घरच्या शेडमधलं काम नाही, असं माझं स्पष्ट मत आहे. दुप्पट ताकदीचं इंजिन टाकलं की माउंटिंग, प्रोपेलर शाफ्ट, डिफरन्शियल, ब्रेक आणि रेडिएटर सगळ्यांचा हिशेब नव्याने मांडावा लागतो. ब्रेक जुनेच ठेवून वेग वाढवणं हा जिवाशी खेळ आहे. ज्याच्याकडे चांगला फॅब्रिकेटर आणि तेवढे पैसे आहेत त्याने ते नीट करावं. मी तशी गाडी मनापासून पाहीन. रिस्टोरेशन मात्र तुकड्यातुकड्याने होतं. एका रविवारी एक दार, पुढच्या महिन्यात ब्रेकचं मास्टर सिलिंडर. घरच्या माणसांना तेच झेपतं.

कायदाही या दोन कामांकडे वेगवेगळ्या नजरेने बघतो. मोटार वाहन कायदा, १९८८च्या कलम ५२नुसार गाडीत असा बदल करता येत नाही, ज्याने नोंदणीपुस्तकातला तपशील निर्मात्याच्या मूळ तपशिलापासून वेगळा पडेल. जानेवारी २०१९मध्ये सर्वोच्च न्यायालयानेही हेच उचलून धरलं. मूळ इंजिनाची दुरुस्ती चालते. इंजिन बदललं तर नंबर बदलतो, आणि आरटीओच्या मंजुरीशिवाय नूतनीकरण अडतं, अपघात झाला तर विमाही अडू शकतो. रंग बदलला तरी नोंद लागते. आमच्या पुस्तकात 'पांढरा' लिहिलेलं आहे, म्हणजे बाबांनी तेव्हाच रीतसर नोंद करून घेतली होती. आता निळा केला तर तीच वारी आम्हाला करावी लागेल.

आणखी एक हिशेब भावाने मांडला. २०२१च्या केंद्रीय नियमांनुसार पन्नास वर्षांहून जुनी गाडी 'विंटेज' म्हणून 'व्हीए' मालिकेत नोंदवता येते. अट अशी की ती मूळ रूपात असावी आणि चेसिस, बॉडी किंवा इंजिनात मोठा फेरफार झालेला नसावा. पहिल्या कॉन्टेसा २०३४मध्ये पन्नाशीच्या होतील. आमची २०४४मध्ये.

सध्या गाडी ठोकळ्यांवर आहे. इंजिन सुरू होतं, ब्रेकच्या नळ्या नव्या झाल्यात, सीट कुशनवाल्याकडे आहेत. मागची सीट काढली तेव्हा खाली संत्र्याच्या वाळलेल्या बिया आणि हिरव्या बांगडीचा तुकडा सापडला. आईने तो उचलून पदराच्या टोकाला बांधला. डॅशबोर्डसाठी भंगारात निघालेल्या एका कॉन्टेसाचा पत्ता अमरावतीहून मिळाला आहे, शनिवारी दोघं जाऊन बघतो. रंग दिवाळीनंतर. निळा की पांढरा, ते आई सांगेल.