परीक्षक कुठे बसतो, त्यावर बँड ठरतो

इंग्लंडमध्ये मँचेस्टरच्या पूर्वेला सॅडलवर्थ नावाचा डोंगराळ गावांचा पट्टा आहे. पेंटेकॉस्ट या ख्रिस्ती सणानंतरच्या शुक्रवारी, म्हणजे 'व्हिट फ्रायडे'ला, तिथल्या आणि आसपासच्या गावांत संध्याकाळपासून रात्रीपर्यंत ब्रास बँडच्या बसगाड्यांची रीघ लागते. बँड उतरतो, रांगा लावतो, रस्त्यावरून वाजवत चालत येतो, ठरलेल्या जागी थांबतो आणि उभ्याने स्पर्धेची धून वाजवतो. मग पुन्हा बसमध्ये चढून पुढचं गाव गाठतो. परीक्षक मात्र कुठेच दिसत नाही. तो पडदे ओढलेल्या एखाद्या कॅरॅव्हॅनमध्ये, नाहीतर बंद खोलीत कागद-पेन घेऊन बसलेला असतो. समोर नामांकित बँड आहे की शाळकरी पोरांचा, हे त्याला कळू नये म्हणून ही तजवीज. १८८४ पासून या स्पर्धा चालत आल्या आहेत.

चालता चालता वाजवण्याच्या स्पर्धा जगात अनेक ठिकाणी होतात, आणि त्यांची तुलना करताना लोक बहुधा वाद्यं, गणवेश, वादकांची संख्या यांच्याकडे बघतात. मला वाटतं, आधी परीक्षकाची जागा बघावी. तो कुठे बसतो, काय बघतो आणि काय ऐकतो, यावरून त्या देशातल्या बँडची चाल, वाद्यं, इतकंच काय, वादकाने तोंड कुणीकडे करायचं हेही ठरत गेलं आहे. इतिहास तपासला की ते पटतं.

मूळ सगळ्यांचं एकच, रणांगण. तोफांच्या आवाजात हुकूम पोचवायला ढोल आणि बिगूल लागत. ऑटोमन म्हणजे तुर्की सैन्याच्या 'मेहतेर' वाद्यपथकांचे मोठे ढोल आणि झांजा अठराव्या शतकात युरोपातल्या राजांना इतक्या भावल्या की त्यांनी त्या आपल्या लष्करी बँडमध्ये घेतल्या. स्वित्झर्लंडमधल्या बाझल शहराने ढोलकऱ्यांची स्वतंत्र शैलीच जोपासली. अमेरिकेत चार्ल्स स्ट्युअर्ट अ‍ॅशवर्थ याने १८१२ मध्ये लष्करी ढोलवादनाची पुस्तिका छापली आणि काठ्यांच्या मूळ बोलांना 'रुडिमेंट' हे नाव रूढ झालं. १९३३ मध्ये शिकागोत १३ ढोलवादकांनी एकत्र बसून अशा २६ रुडिमेंटांची प्रमाण यादी केली. १९८४ मध्ये ती ४० वर गेली. जगात कुठेही स्नेअर ड्रम, म्हणजे खालच्या पानाला तारा लावलेला खणखणीत ढोल, शिकणारं पोर आज हीच यादी घोटतं.

त्या १३ जणांची भेट अमेरिकन लीजनच्या अधिवेशनाच्या निमित्ताने झाली होती. ही संघटना पहिल्या महायुद्धातून परतलेल्या सैनिकांनी १९१९ मध्ये स्थापन केली. सैन्यातून उरलेले बिगूल आणि ढोल त्यांच्या हाताशी होते, कवायतीची सवय अंगात होती. गावोगावच्या शाखांनी 'ड्रम अँड बिगूल कोअर', म्हणजे ढोल-बिगुलांची पथकं, काढली, आणि लवकरच चर्च, स्काउट पथकं आणि याच शाखांच्या आधाराने मुलांचेही कोअर उभे राहिले. बँडपेक्षा कोअर वेगळा तो इथेच. त्यात क्लॅरिनेट नाही, सॅक्सोफोन नाही. फक्त पितळी वाद्यं, तालवाद्यं आणि झेंडे फिरवणारा 'कलर गार्ड'.

स्पर्धाही सैनिकी शिस्तीची होती. परीक्षक थेट मैदानात, रांगांच्या मध्ये फिरायचे. हातात पाटी, पेन्सिल. एखाद्याचा पाय चुकला, काठी उशिरा पडली, सूर फाटला की कागदावर एक खूण. या खुणेला 'टिक' म्हणत. एक टिक म्हणजे एक दशांश गुण वजा. कल्पना करा, सतरा वर्षांचा मुलगा ढोल वाजवतोय आणि त्याच्यापासून हातभर अंतरावर एक माणूस त्याच्या मनगटाकडे टक लावून पाहतोय. अशा पद्धतीत धाडस परवडत नाही. अवघड काही वाजवलं तर चुका वाढणार, म्हणून सोपं पण स्वच्छ वाजवायचं, आणि तेच पुन्हा पुन्हा घासायचं.

नियम, वेळापत्रक आणि बक्षिसाचे पैसे माजी सैनिकांच्या संघटनांच्या हातात होते. कोअरच्या संचालकांना हे जाचू लागलं. वायोमिंगमधल्या 'ट्रूपर्स'चे जिम जोन्स आणि शिकागोच्या 'कॅव्हेलियर्स'चे डॉन वॉरन यांच्या पुढाकाराने १९७१ मध्ये पाच कोअरनी आधी आपली मोट बांधली आणि त्यातूनच 'ड्रम कोअर इंटरनॅशनल' म्हणजे 'डीसीआय' जन्माला आली. पहिली अजिंक्यपद स्पर्धा १९७२ मध्ये विस्कॉन्सिनमधल्या व्हाइटवॉटरला झाली आणि अ‍ॅनाहाइमच्या 'किंग्जमेन'नी ती जिंकली. स्पर्धा कलाकारांच्या ताब्यात आली, हा या इतिहासातला माझ्या मते सर्वांत मोठा टप्पा.

टिक मात्र आणखी बरीच वर्षं टिकून राहिली. १९८३ चा हंगाम तिचा शेवटचा. त्यानंतर गुण वजा करण्याऐवजी शून्यापासून चढवत न्यायची पद्धत आली. महत्त्वाचे परीक्षक उंच प्रेक्षागारात जाऊन बसले, आणि कला बदलली ती यामुळे. वरून पाहणाऱ्याला मनगट दिसत नाही, आकृती दिसते. मैदान म्हणजे कागद झालं. वर्तुळं फुटून तिरप्या रेषा, रेषांतून लाटा. अमेरिकन फुटबॉलच्या मैदानावर दर पाच यार्डांना पांढरी रेघ असते. पाच यार्डांत आठ पावलं टाकायची, म्हणजे पाऊल जेमतेम ५७ सेंटिमीटरचं. कोणत्या मात्रेला आपण कोणत्या रेघेपासून किती पावलांवर असायचं, हे प्रत्येक वादक एका छोट्या वहीत लिहून गळ्यात अडकवतो. सरावात ती वही घामाने भिजून जाते.

बाहेरच्याला सहसा न जाणवणारी एक अडचण इथे सांगायलाच हवी. आवाज सेकंदाला सुमारे ३४० मीटर जातो. मैदानाच्या एका गोलरेषेपासून दुसरीपर्यंत ९१ मीटर, म्हणजे या टोकाचा आवाज त्या टोकाला पोचायला पाव सेकंदाहून जास्त वेळ लागतो. मिनिटाला १८० मात्रांची लय असेल तर एक मात्रा असते सेकंदाच्या एक तृतीयांश. म्हणजे कानावर विसंबून वाजवणारा जवळपास पूर्ण मात्रा मागे पडेल. उपाय असा की मागच्यांनी पुढचा आवाज कानाआड करायचा आणि फक्त ड्रम मेजरच्या, म्हणजे समोर उभं राहून हातांनी लय देणाऱ्याच्या, हातांकडे बघायचं. पुढच्यांनी मात्र मागून येणारा आवाज ऐकून त्यात आपला सूर मिसळायचा. तेव्हा कुठे प्रेक्षागारात सगळं एकत्र ऐकू येतं. डोळे आणि कान एकमेकांविरुद्ध सांगत असताना पायांनी तिसरंच करत राहायचं. हे कौशल्य कमावायला किती उन्हाळे जात असतील!

वाद्यंही प्रेक्षागाराकडे बघून बदलली. एका व्हॉल्व्हचा बिगूल १९७७ मध्ये दोन व्हॉल्व्हचा झाला, १९९० मध्ये तीन, आणि २००० मध्ये कोणत्याही पट्टीतली पितळी वाद्यं चालू लागली. मरिम्बासारखी (लाकडी पट्ट्यांवर वाजवायची) खांद्यावर न पेलणारी वाद्यं १९८० च्या दशकाच्या सुरुवातीला मैदानाच्या पुढच्या कडेला स्थिरावली, २००४ मध्ये त्यांना मायक्रोफोन मिळाला, २००९ मध्ये सिंथेसायझर आला. ढोलाचं पानही बदललं. बुलेटप्रूफ जाकिटात वापरतात त्या केव्हलारच्या धाग्याचं पान इतकं ताणता येतं की काठी टेबलावर आपटावी तशी उसळते. जुन्या लोकांना सिंथेसायझर अजून रुचलेला नाही. त्यांचं दुःख मला कळतं. वीज न वापरता शंभर पितळी वाद्यं एका दमात फुटतात तेव्हा छातीत जे होतं, ते स्पीकर देत नाही.

गुणांची चुरस किती बारीक असते, याला १९९३ ची अंतिम फेरी साक्षी आहे. न्यू जर्सीच्या 'कॅडेट्स'ना ९७.४, 'स्टार ऑफ इंडियाना'ला ९७.३. एक दशांश, जुन्या भाषेत एक टिक. स्टारने त्यानंतर स्पर्धाच सोडली आणि रंगमंचाची वाट धरली. पुढे त्यांचा प्रयोग १९९९ मध्ये लंडनला उभा राहिला आणि २००१ मध्ये ब्रॉडवेवरचा टोनी पुरस्कार घेऊन गेला. जेतेपदांच्या यादीत कॅलिफोर्नियातल्या कॉन्कर्डचे 'ब्लू डेव्हिल्स' सर्वांच्या फार पुढे आहेत. २०२३ पर्यंत २१ अजिंक्यपदं, आणि २०१४ मधले त्यांचे ९९.६५ गुण हा विक्रम.

या चकाकीची किंमतही मोठी आहे. वयाची मर्यादा २२ च्या आसपास, संख्या दीडशेच्या वर, उन्हाळाभर रात्री बसमध्ये प्रवास, शाळांच्या व्यायामशाळेत जमिनीवर झोप आणि दिवसाला दहा-बारा तास सराव. त्यासाठी मुलं स्वतः हजारो डॉलर भरतात. एके काळी गल्लीतल्या चर्चच्या आधाराने जो कोअर चालायचा, तो आज देशभरातून निवडलेल्यांचा संघ झाला आहे. गावोगावचे लहान कोअर त्यात संपले. ही हानी गुणपत्रिकेत कुठेच दिसत नाही. शाळांचे बँड मात्र फोफावले. 'मार्चिंग बँड्स ऑफ अमेरिका' ही चळवळ १९७५ मध्ये सुरू झाली आणि कोअरची सगळी भाषा तिने शाळांमध्ये नेली.

आता ग्लासगोला जाऊ. तिथे जागतिक पाइप बँड स्पर्धेत बँड चालत येतो, पण मैदानभर आकृत्या काढत नाही. तो गोल करून उभा राहतो, तोंडं आत, पाठी प्रेक्षकांकडे. परीक्षक गोलाच्या बाहेरून फिरत ऐकतात. बॅगपाइपसाठी वेगळे, ढोलांसाठी वेगळा, आणि सगळं मिळून कसं वाजतंय यासाठी आणखी एक. सुरुवातच जीवघेणी असते. स्नेअरचे दोन रोल पडतात आणि तेवढ्यात सगळ्या पिशव्यांत हवा भरून सर्व पाइप एकाच क्षणी सुरात यायला हवेत. एक जरी पाइप आधी किंवा नंतर बोलला, तर कान असलेल्या प्रत्येकाला कळतं. नजरेसाठी इथे जवळजवळ काही नाही, आणि म्हणूनच कानाची कसोटी अशी की अमेरिकन कोअरचे वादकही इथले स्नेअर ऐकून थक्क होतात. १९८७ मध्ये कॅनडाच्या ओंटारिओतल्या '७८ वे फ्रेझर हायलँडर्स'नी ही स्पर्धा जिंकली, तेव्हा स्कॉटलंडबाहेर पहिल्यांदाच मान गेला. त्यानंतर उत्तर आयर्लंड आणि ऑस्ट्रेलियाचेही बँड जिंकले.

नेदरलँड्समधल्या केर्कराडे या एके काळच्या खाणकामगारांच्या गावात १९५१ पासून साधारण दर चार वर्षांनी जागतिक संगीत स्पर्धा भरते. तिथे सभागृहातलं वादन, रस्त्यावरचं संचलन आणि मैदानावरचा शो यांना वेगवेगळे विभाग आहेत. कॅनडापासून थायलंडपर्यंतचे बँड तिथे येतात.

जपानने तर परीक्षणाचा अर्थच वेगळा लावला. अखिल जपान बँड संघटना १९३९ मध्ये स्थापन झाली. तिच्या मार्चिंग स्पर्धेची अंतिम फेरी ओसाकाच्या सभागृहात होते, मोकळ्या मैदानात नाही. छप्पर असल्याने आवाज घुमतो, जागा आखीव, वेळ थोडा. निकालात पहिला, दुसरा, तिसरा असं नसतं. प्रत्येक शाळेला सुवर्ण, रौप्य किंवा कांस्य मिळतं. शर्यत शेजारच्या शाळेशी नसून अपेक्षेशी असते. क्योटोच्या ताचिबाना शाळेचा नारिंगी गणवेशातला बँड जगाला ठाऊक झाला तो मात्र या सभागृहामुळे नव्हे. ट्रम्पेट ओठांना लावून उड्या मारत, पाय झाडत नाचणाऱ्या या मुली-मुलांना कॅलिफोर्नियाच्या 'रोझ परेड' या नववर्षाच्या मिरवणुकीने २०१२, २०१८ आणि २०२५ मध्ये बोलावलं.

इंडोनेशियात ड्रम बँड हा सरळ खेळ मानला जातो. त्याची राष्ट्रीय संघटना क्रीडा परिषदेच्या छत्राखाली येते आणि राष्ट्रीय क्रीडा महोत्सवात त्याला पदकं असतात. काही प्रकारांत तर ठरलेलं अंतर वाजवत, रांग न मोडता झपाट्याने कापायचं असतं. म्हणजे परीक्षकाच्या हातात स्टॉपवॉचही आलं.

आणि एक परंपरा अशी आहे की जिथे परीक्षकाला बसायला जागाच ठेवलेली नाही. अमेरिकेतली ऐतिहासिक कृष्णवर्णीय विद्यापीठं, म्हणजे वंशभेदाच्या काळात कृष्णवर्णीयांसाठी निघालेली. फ्लोरिडा ए अँड एम विद्यापीठात विल्यम फॉस्टर १९४६ मध्ये रुजू झाले आणि त्यांनी गुडघे छातीपर्यंत उचलणारी चाल, नाच आणि लोकप्रिय गाणी यांची सांगड घालून 'मार्चिंग १००' उभा केला. फ्रेंच राज्यक्रांतीच्या द्विशताब्दीला, १९८९ मध्ये, पॅरिसच्या संचलनात अमेरिकेच्या वतीने तो चालला. या परंपरेची काळी बाजूही आहे. २०११ मध्ये नवख्यांना छळण्याच्या प्रथेत याच बँडच्या ड्रम मेजरचा जीव गेला आणि बँड २०१३ पर्यंत बंद राहिला.

या विद्यापीठांचे बँड फुटबॉलचा सामना संपल्यावरही घरी जात नाहीत. सामन्याचे चार भाग झाले, आता 'पाचवा भाग'. प्रेक्षागारात समोरासमोर बसून एक बँड वाजवतो, दुसरा ऐकून घेतो आणि आणखी मोठ्याने, आणखी अवघड काहीतरी फेकतो. ओठ सुजेपर्यंत हे चालतं. कोण जिंकलं ते जमलेल्या लोकांच्या आरोळ्यांवरून ठरतं, आणि दोन्ही बाजू आपणच जिंकलो म्हणत घरी जातात. २००३ मध्ये अटलांटात या बँडांचा मोठा मेळा सुरू झाला. त्याच्या नावातच 'बँडची लढाई' आहे, आणि तिथे विजेता जाहीर करत नाहीत.